जुन्या यंत्राचे मरण कोणी ठरवावयाचे?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एका रात्रीत म्हातारे झाले. त्यांच्या कळफलकाची एकही कळ त्या दिवशी निखळली नव्हती, पडद्यावर डाग पडला नव्हता, की आतील चकती घरघरू लागली नव्हती. झाले एवढेच की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या विनामूल्य पुरविणे त्या दिवसापासून थांबविले. घरगुती ग्राहकांना काही अटींवर एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली. पुढचा मार्ग ‘विंडोज ११’चा, आणि तो सर्वांना खुला नाही. त्यासाठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण तर हवीच. शिवाय एक ठराविक सुरक्षा-चिप हवी आणि कंपनीच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर हवा. इंटेलचे साधारणतः २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

आमच्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. पक्षाची तालुका कार्यालये, कामगार संघटनांच्या खोल्या, सार्वजनिक वाचनालये, रात्रीच्या अभ्यासिका येथील संगणक बहुधा नवे विकत घेतलेले नसतातच. कोणा हितचिंतकाने दिलेला, एखाद्या कचेरीने काढून टाकलेला, दोन जीबी रॅमचा, कमी शक्तीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप हीच आपली सामग्री. तो मंद झाला म्हणून दुकानात नेला की उत्तर ठरलेले असते : “आता यात काही अर्थ नाही, नवा घ्या.” हे उत्तर तांत्रिक सल्ल्याच्या वेषात येते, आणि म्हणून आपण ते मुकाट्याने स्वीकारतो. परंतु त्याच्या पोटात एक आर्थिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रश्न साधनाच्या मालकीचा आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घसारा ही कल्पना पहिल्याच वर्षी शिकविली जाते. यंत्र वापराने झिजते. हा घसाऱ्याचा पहिला प्रकार. दुसरा प्रकार मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात विशद केला आहे : तेच यंत्र स्वस्तात तयार होऊ लागले किंवा त्याहून सरस यंत्र बाजारात आले, की जुन्या यंत्राचे मूल्य ते न झिजताही उतरते. या दोन्ही प्रकारांत निदान काही वस्तुनिष्ठ कारण असते. आज आपल्यासमोर आलेला तिसरा प्रकार निराळा आहे. येथे यंत्र झिजलेले नाही. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, पाठ ऐकणे ही जी कामे ते काल करीत होते, ती ते आजही करू शकते. त्याचे आयुष्य संपते ते दूरवरच्या एका कंपनीच्या वेळापत्रकाने. याला हुकुमाचा घसारा म्हटले तर वावगे होणार नाही. यंत्राची पावती आपल्या नावाची, पण त्याच्या मरणाची तारीख ठरविणारा दुसराच, असा हा विचित्र मालकी-हक्क आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. संगणकाचे लोखंड-सिलिकॉन आणि आपण वापरतो ती लेखनाची, हिशेबाची साधने यांच्यामध्ये उभी राहून सर्व व्यवहार चालविणारी आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज ही अशी एक प्रणाली. तिची मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत बंद असते. याहून वेगळा मार्ग १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा करून दाखविला. कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी अशी आज्ञावली लिहिण्याचा तो संकल्प होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जाहीर केला, तोच लिनक्स. पुढच्याच वर्षी तो जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याखाली आला. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा प्रकल्प तर देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी चालविलेला असून १९९७ पासून त्यांनी वापरणाऱ्यांशी केलेला एक लेखी सामाजिक करारच जाहीर केलेला आहे.

या व्यवस्थेची तुलना आम्ही गावच्या गायरानाशी करू. गायरान कोणा एकाचे नसते. म्हणून ते बेवारस असते असे नव्हे. ते टिकते ते गावाने पाळलेल्या नियमांमुळे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी कशी सांभाळतात याच अभ्यासासाठी. जीएनयूचा परवाना हा असाच एक नियम आहे : या कुरणातून घ्या, त्यात भर घाला; पण घेतलेल्यात बदल करून ते दुसऱ्याला देताना त्याला कुंपण घालू नका, ज्या मोकळिकीने तुम्हाला मिळाले त्याच मोकळिकीने पुढे द्या. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ ‘फुकट’ असा घेऊ नये. फुकट तर कंपन्याही देतात, आणि त्याची किंमत दुसऱ्या दाराने वसूल करतात.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. लिनक्सच्या गाभ्याभोवती उभारलेल्या प्रणाली शेकड्यांनी आहेत, आणि नवखा कार्यकर्ता त्या गर्दीत गोंधळतो. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा. दुसरी, रॅम किती. तिसरी, साठवण फिरत्या चकतीची आहे की एसएसडीची. यांवरून निवडीचे क्षेत्र पुष्कळच आटोपते.

रॅम ४ जीबी असेल, तर ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती नवख्यासाठी सोयीची; विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिच्यात फारसे परके वाटत नाही. मिंटचे कर्ते किमान २ जीबी सांगतात आणि ४ जीबीची शिफारस करतात. रॅम २ जीबीच असेल, तर डेबियन घेऊन त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा साधा दर्शनी भाग बसवावा; ‘लुबंटू’ आणि ‘एमएक्स लिनक्स’ही याच वर्गातील. रॅम १ जीबी असेल किंवा प्रोसेसर जुना ३२ बिटांचा असेल, तर ‘अँटीएक्स’ अथवा ‘पपी लिनक्स’ यांच्यासारख्या अतिहलक्या प्रणालींकडे जावे लागते. गाभा सर्वत्र लिनक्सचाच असतो. वजनाचा फरक पडतो तो मुख्यतः दर्शनी भागाने आणि पाठीमागे चालू राहणाऱ्या लहानमोठ्या सेवांनी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कार्यप्रणाली हलकी केली म्हणून आजचे इंटरनेट हलके होत नाही. जाहिरातींनी आणि चलचित्रांनी लादलेले एखादे बातम्यांचे पान एकटेच शेकडो एमबी रॅम खाऊ शकते. तेव्हा २ जीबीच्या यंत्रावर एका वेळी दोन-तीनच पाने उघडावीत, ही शिस्त पाळावीच लागते. फिरत्या चकतीच्या जागी लहानशी एसएसडी बसविली आणि शक्य तेथे रॅम वाढविली, तर नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या अल्पशा अंशात जो फरक पडतो, तो कोणत्याही प्रणालीच्या निवडीने पडत नाही. चमत्काराची आशा दाखवून कार्यकर्त्याला निराश करणे हे प्रचाराचे काम झाले, शिक्षणाचे नव्हे.

येथवर आकडेवारीने काम भागते. पुढचा भाग आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

आमच्या तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका चालते. घरी जागा नसलेली, दिवा असला तरी शांतता नसलेली मुले तेथे रात्री अभ्यासाला बसतात. एका कचेरीने काढून टाकलेले एकाच जातीचे पाच लॅपटॉप, प्रत्येकी २ जीबी रॅमचे, अभ्यासिकेला मिळाले. आयटीआय झालेला एक हुशार, उत्साही तरुण प्रणाली बसवायला पुढे आला. कोणती बसवावी याचा आग्रह मात्र प्रस्तुत लेखकाने धरला. आयुष्यभर फळ्यावर तक्ते मांडलेल्या माणसाला साजेसा तो आग्रह होता : एक प्रणाली सुरू होताच ५००-६०० एमबी घेते, दुसरी २०० एमबीत भागविते, मग दुसरीच श्रेष्ठ. अतिहलकी प्रणाली बसली. यंत्रे तुरुतुरु चालू लागली. आम्ही मनोमन सुखावलो.

तीन महिन्यांनी त्या तरुणाला चाकणला कंत्राटी नोकरी लागली. थोड्याच दिवसांत अभ्यासिकेच्या वायफायचा सांकेतिक शब्द बदलला, आणि नवा शब्द यंत्रात कोठे घालावयाचा हे कोणालाच उमगेना. त्या प्रणालीची रचना त्या तरुणाने आपल्या हाताला रुचेल तशी करून ठेवली होती. निम्म्या गोष्टी काळ्या चौकटीत इंग्रजी आज्ञा लिहून करावयाच्या होत्या. मुलांनी दोन दिवस खटपट केली आणि मग पाचही लॅपटॉप जुन्या चादरीखाली झाकून ठेवले. अडीच महिने ते तसेच पडून होते. कंपनीच्या हुकुमाने जे घडले नसते, ते आमच्या शहाणपणाने घडले. ४०० एमबी वाचविण्याच्या नादात आम्ही पाचही यंत्रे गमावून बसलो होतो.

दिवाळीच्या सुटीत तो तरुण परत आला तेव्हा आम्ही एकत्र बसून नव्याने विचार केला. दोन यंत्रांची रॅम काढून दुसऱ्या दोहोंत घातली. तेव्हा ४ जीबीची दोन आणि २ जीबीचे एक, अशी तीन यंत्रे उभी राहिली. तिन्हींवर डेबियन आणि एक्सएफसीई बसविले, तिन्हींची मांडणी अगदी सारखी ठेवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वायफाय कसे जोडावे, दुरुस्त्या कशा उतरवाव्यात, मराठी कळफलक कसा लावावा, हे सर्व मराठीत दोन पानांवर लिहून भिंतीवर चिकटविले. दोन मुलींनी ते शिकून घेण्याची तयारी दाखविली. एक बारावीत होती, दुसरी भरतीच्या परीक्षेची तयारी करीत होती. पहिल्या दिवशी त्यांतील एकीने विचारले, “सर, माझ्या हातून बिघडलं तर?” आम्ही म्हटले, “तर तुझ्याच हाताने पुन्हा बसव.” तिने तेथल्या तेथे एका यंत्रावरील सगळे पुसून, पेनड्राइव्हवरून दीड तासात प्रणाली पुन्हा उभी केली. त्या दिवसानंतर त्या अभ्यासिकेत यंत्राची भीती उरली नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुरुस्त्या उतरविण्याचे काम मुलेच वाटून घेतात.

या अनुभवातून निघालेला निष्कर्ष असा : सर्वांत हलकी प्रणाली कोणती, हा प्रश्न दुसरा, बसविणारा गावातून निघून गेल्यावर ती कोण सांभाळणार, हा पहिला. ज्या प्रणालीचे जाणकार आपल्या तालुक्यात दोघे-तिघे आहेत किंवा महिन्याभरात तयार होऊ शकतात, जिच्या दुरुस्त्या पुढील काही वर्षे नियमित मिळणार आहेत, आणि जिच्यावर मराठी सुखाने लिहिता-वाचता येते, ती प्रणाली थोडी जड असली तरी निवडावी. यंत्राच्या स्मृतीइतकीच माणसांची स्मृतीही हिशेबात धरावी लागते.

मोठ्या प्रमाणावरील अनुभवही हेच सांगतो. केरळात २००१ साली ‘आयटी अॅट स्कूल’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत तेथील शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या. आज ‘काइट’ या नावाने ओळखली जाणारी त्या राज्याची संस्था आपल्या शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार करते. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती बसविण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा परवाना-शुल्कापोटी सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील असा दावा करण्यात आला होता. दाव्याचा आकडा थोडा बाजूला ठेवला तरी मुख्य गोष्ट उरतेच : केरळने तबकड्या वाटून स्वस्थ बसणे पसंत केले नाही, हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांतून उभी केली.

उलट उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे. तेथील महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक वळविले. परंतु २०१७ साली नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्या माघारीमागे राजकारण होते, तशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बाहेरच्या कार्यालयांशी होणाऱ्या कागदपत्रांच्या देवघेवीतील अडचणीही होत्या. आपल्याकडे भारत सरकारने २०१५ साली शासकीय वापरासाठी मुक्त स्रोताचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणालीही काढली. असे असूनही कचेऱ्यांचा नित्य व्यवहार मोठ्या प्रमाणावर विंडोजवरच चालत राहिला. धोरण कागदावर आणि सवय टेबलावर, असा हा सामना असतो. त्यात बहुधा सवयच जिंकते.

काही आक्षेपांना प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ज्या पतपेढीचा हिशेब टॅलीवर आहे, तिने त्या एका कामासाठी विंडोजचे एक यंत्र ठेवावे. टॅली त्यासाठीच बनलेली आहे. काही डिजिटल सह्यांची उपकरणे लिनक्सवर कुरकुर करतात, हेही खरे. मराठीपुरती अडचण अधिक खोल आहे. आपल्या संस्थांची कित्येक वर्षांची इतिवृत्ते युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली आहेत. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा खच दिसतो. हा दोष लिनक्सचा नव्हे. परक्याच्या कुलपात आपली अक्षरे ठेवल्याचा तो परिणाम आहे, आणि नवे विंडोज यंत्र घेतले तरी तो फाँट जवळ नसेल तर तोच अनुभव येईल. या कागदपत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हे काम आज ना उद्या करावेच लागणार. नव्या प्रणालींत इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो, लिबरऑफिसमध्ये मराठी मजकूर उत्तम लिहिता येतो. तेव्हा पुढचे लेखन तरी कुलपाबाहेर राहील.

मुक्त प्रणाली जुन्या यंत्रांना कधीच सोडत नाहीत, असाही भ्रम नको. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिटांच्या संगणकांसाठी प्रतिष्ठापक देणे बंद केले. परंतु दोन निर्णयांतील अंतर पाहण्यासारखे आहे. डेबियनमध्ये ही चर्चा उघडपणे झाली. आधीच्या डेबियन १२ च्या दीर्घकालीन दुरुस्त्यांची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. आणि संहिता सर्वांच्या हाती असल्यामुळे ज्यांना जुनी यंत्रे सांभाळावयाची आहेत, त्यांना ते काम पुढे नेण्याची मुभा आहे. हे काम कोणी हाती घेईल याची हमी नसते. ते करण्याचा अधिकार मात्र शाबूत असतो. लोकशाहीतही आपल्याला याहून अधिक काही मिळत नाही.

म्हणून आमची सूचना मोजकी आहे. आपल्या कार्यालयातील, वाचनालयातील एकही लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी त्याची रॅम आणि प्रोसेसर पाहा. आतील कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. पेनड्राइव्हवरून प्रणाली न बसविताच चालवून पाहा. वायफाय जोडते का, आवाज येतो का, देवनागरी नीट उमटते का, हे त्यात कळते. प्रत्येक तालुक्यात एकच प्रणाली ठरवा, म्हणजे एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. बसविणारा एक असो, पण शिकणारे तिघे असू द्या, आणि त्यांत निदान एक मुलगी असू द्या. जे शिकाल ते मराठीत लिहून भिंतीवर लावा.

जे यंत्र खरोखरच मेले असेल, त्याला निरोप द्यावा. त्याची रॅम, त्याची चकती दुसऱ्याच्या कामी लावावी, आणि उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. परंतु ते मेले आहे की नाही, हे आपण त्याचे झाकण उघडून, आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवावे. दुकानदाराच्या एका वाक्यावरून किंवा कंपनीच्या एका तारखेवरून ते ठरवू नये.